जव्हारचा कातळ आणि दर्यातले करंडे

जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या आठवडे बाजारात नाचणी-वरईच्या पोत्यांतून, मिरच्यांच्या ढिगांतून आणि कोयत्या-विळ्यांच्या दुकानांमधून वाट काढीत पुढे जावे, तो एका ठिकाणी वाऱ्याचा वास एकाएकी पालटतो. समुद्र तेथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर दूर, मध्ये डोंगरांच्या ओळी, जव्हार तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. तरी तो वास दर्याचाच असतो. गोणपाटावर सुक्या बोंबलांच्या जुड्या, मांदेली, करंदी आणि त्यांच्या शेजारी गुलाबट करड्या जवळ्याचे ढीग मांडलेले असतात, आणि दूरच्या पाड्यांतून डोंगर उतरून-चढून आलेली वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मंडळी तेथे उकिडवी बसून वाट्याचा भाव करीत असतात. चिमूटभर जवळा तळहातावर घेऊन उन्हात धरला, तर दिसते की एकेक जवळा बोटाच्या पेराहून फारसा मोठा नाही, अंग कागदासारखे पातळ, आणि टोकाशी मोहरीहून बारीक असे दोन काळेभोर डोळे. पावसाळ्यात, लावणीची कामे अंगावर आणि घरात कालवणाला दुसरे काही नाही अशा दिवसांत, या एवढ्याशा जीवाच्या मूठभर साठ्यावर सबंध घराची भाकर निघते.

या जवळ्याने समुद्रात काय खाल्ले असेल, हा प्रश्न बाजारात कोणी विचारीत नाही. पण तो विचारला, तर त्याचे उत्तर शोधता शोधता आपण फिरून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातच येऊन पोहोचतो, आणि म्हणूनच तो येथे विचारावयाचा आहे. बोंबील जवळ्यावर जगतो, हे किनाऱ्यावरचे डोलकर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जवळा आपल्याहून बारीक जीवांवर, गाळातील सेंद्रिय कणांवर आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतो. ते बारीक जीवही पुन्हा त्याच वनस्पतींवर पोसलेले असतात. समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या, स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाऊ न शकणाऱ्या जीवसृष्टीला व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये प्लँक्टन हे नाव दिले. मराठीत त्यांस प्लवक म्हणतात, आणि त्यांतील जे उन्हावर आपले अन्न आपण तयार करतात ते वनस्पतिप्लवक. पृथ्वीवर दरवर्षी जेवढे प्रकाशसंश्लेषण होते, त्याच्या जवळजवळ निम्मे हे डोळ्यांस न दिसणारे जीव करतात, आणि तरीही जगातील एकंदर वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा एक इतकाही भरत नाही. झाड लाकडाच्या रूपाने आपली कमाई शिलकीत टाकते; प्लवकाची शिल्लक राहतच नाही, कारण ते दोन-चार दिवसांत वाढते, दुभंगते आणि खाल्ले जाते.

त्याच्या आयुष्यातील मुख्य अडचण समजण्यासाठी आधी एखाद्या ऐनाच्या किंवा सागाच्या झाडाकडे पाहावे. झाडाची मुळे मातीत असतात आणि पाने उन्हात. खालचे खनिज आणि वरचा प्रकाश ही दोन टोके ते आपल्या खोडाने जोडून धरते आणि जन्मभर एका जागी उभे राहून दोन्हींचा उपभोग घेते. समुद्रातील एकपेशीय वनस्पतीला मूळ नाही, खोड नाही. प्रकाश वरच्या थरात असतो. नत्र, स्फुरद, लोह, सिलिका ही पोषकद्रव्ये मेलेल्या जीवांबरोबर खाली खाली उतरून अंधारात साठलेली असतात. आणि किनाऱ्याजवळ जेथे नदीमुळे ती वरच मिळतात, तेथे नदीनेच आणलेल्या गाळामुळे प्रकाश कोंडलेला असतो. वृक्ष जे जागेच्या विस्ताराने साधतो, ते या पेशीला काळाच्या ओघात साधावे लागते: आज प्रकाश, उद्या अन्न, या घटकेला भर ऊन, पुढच्या घटकेला संधिप्रकाश. तिची सारी शरीररचना आणि तिचा सारा कारभार या एकाच तडजोडीसाठी घडलेला आहे.

आता डोंगराकडे वळू. जव्हार-मोखाड्याचा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. या पाषाणाचे वजन केले तर त्यातील जवळजवळ अर्धा भाग सिलिकाचा भरतो. येथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हवेतील आणि कुजत्या पाचोळ्यातील कर्बवायू पोटात घेऊन ते पाणी किंचित आम्ल होते, आणि उष्ण हवामानात असे पाणी कातळाला मुकाट्याने खात सुटते. कातळाचा जो अंश त्यात विरघळतो, त्यात ही सिलिका असते. ती पाण्यात दिसत नाही, तिला चव नाही; पण तिची ओळख शेतकऱ्याच्या हाताला जन्मापासून असते. भाताच्या पानावरून उलटी बोटे फिरवली की जी करकर लागते, कधी बारीकसा चर उमटतो, ती धार सिलिकाची. भात मुळावाटे ती शोषून पानाच्या पेशीत बसवतो. वैशाखात या भागात राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, टहाळ, शेण यांचे थर देऊन रोपाची जागा जाळून घेतात, तेव्हा त्या राखेतही पालाशाबरोबर ही सिलिका मागे उरते. कोणी ओढ्यातला एखादा दगड उचलून पाहिला असेल, तर त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर त्याच्या ध्यानात असेल. साध्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो थेंबभर पाण्यात पसरला, तर होडीच्या आणि सळईच्या आकाराच्या शेकडो काचेच्या डब्या दिसू लागतात, आणि त्यांतल्या काही हळूहळू सरकत असतात. त्या डब्यांची भिंत याच सिलिकाची.

जे विरघळलेले द्रव्य भाताने घेतले नाही आणि दगडावरच्या या डब्यांनी घेतले नाही, ते नदीत जाते. त्र्यंबकच्या डोंगरातून येणारी वैतरणा मोखाड्याच्या सरहद्दीवरून खोल घळीतून उतरते. पिंजाळ तिला पुढे मिळते, जव्हारच्या डोंगरातून येणारी सूर्याही तिलाच मिळते, आणि अर्नाळ्याच्या उत्तरेस ही सारी रसद घेऊन ती अरबी समुद्रात शिरते. मोखाड्याकडून निघणारी वाघ नदी मात्र उत्तरेकडे वळून दमणगंगेस मिळते आणि दमणजवळ समुद्र गाठते. एकाच डोंगराचे पाणी असे दोन वाटांनी एकाच दर्यात पोहोचते.

समुद्रात या सिलिकाची वाट पाहत असणाऱ्या वनस्पतींना शास्त्रज्ञ डायाटम म्हणतात, आणि मराठी परिभाषेत त्यांस करंडक वनस्पती असे नाव मिळाले आहे. परिभाषेचे पुष्कळसे शब्द कोशातच राहतात, पण हा शब्द ज्याने योजला त्याने वस्तू डोळ्यांसमोर ठेवून योजला असला पाहिजे. कारण डायाटम म्हणजे खरोखर कुंकवाच्या करंड्यासारखी झाकण आणि तळ अशी दोन शकले असलेली काचेची डबी होय. झाकण तळाहून किंचित मोठे, त्यावर बसणारे, आणि दोहोंवर इतक्या बारीक छिद्रांची जाळी, की चांगले भिंग तपासण्यासाठी एके काळी हीच नक्षी वापरीत. पेशी दुभंगते तेव्हा एकीला झाकण मिळते, दुसरीला तळ. दोघीही आपल्या वाट्याला आलेल्या शकलास झाकण समजून नवा, आतला, लहान तळ घडवतात. परिणामी एक शाखा मूळच्या आकाराची राहते आणि दुसरी पिढीगणिक लहान होत जाते. ही घट फार झाली म्हणजे लैंगिक मीलनाने एक फुगीर, कवचहीन पेशी जन्मते, ती पूर्ण मापापर्यंत वाढते आणि नवा करंडा घडवते. सिलिका कमी पडली तर पेशी भिंत पातळ करून काम भागवतात. पण पातळ करण्यालाही हद्द आहे, आणि ती ओलांडली की दुभंगणेच थांबते.

वैतरणेच्या मुखाशी पोहोचलेल्या अशा करंडकाला सिलिका पुष्कळ मिळते; त्याला अडचण पडते ती प्रकाशाची. मुंबईस मोठ्या उधाणाला पाण्याची चढउतार पाच मीटरांच्या आसपास असते, आणि खंभातच्या आखातात ती दहा मीटरांच्याही वर जाते. त्या दोहोंच्या मधला हा पालघरचा किनारा. दिवसातून दोनदा एवढे पाणी आत येते आणि बाहेर जाते, तळचा चिखल ढवळते, आणि डोलकर याच ओढीच्या बळावर आपले डोल जाळे रोवतात. अशा पाण्यात हात बुडवला तर कोपराखालचा हात दिसेनासा होतो. मधल्या महासागरात, निवळ निळ्या पाण्यात, पृष्ठभागावरील प्रकाशाचा शंभरावा हिस्सा शंभर मीटरांच्याही खाली पोहोचतो. येथे तो काही हातांतच संपतो. शिवाय प्रवाहाची घुसळण पेशीला एका जागी राहू देत नाही. दुपारच्या रखरखीत उन्हात पृष्ठभागावर असलेली पेशी अर्ध्या तासात अशा खोलीवर असते, जेथे जेमतेम सांज आहे. आणि तितक्याच अवधीत पुन्हा वर.

अंधारातून एकाएकी उन्हात येणे हा वनस्पतीला लाभ वाटेल. वस्तुतः तो धोका आहे. हरितद्रव्य प्रकाश गोळा करते, पण गोळा झालेली ऊर्जा पुढच्या यंत्रणेला तेवढ्या वेगाने खर्चता आली नाही, तर ती प्राणवायूच्या दाहक रूपांना जन्म देते आणि पेशी आतून भाजते. त्यासाठी करंडकाजवळ पहिली तजवीज मिनिटांच्या हिशेबाने चालते. त्याच्या अंगात डायाडायनोझँथिन नावाचे एक पिवळे रंगद्रव्य असते. ऊन प्रखर झाले की विशिष्ट विकराच्या क्रियेने त्याचे काही मिनिटांत डायाटोझँथिन बनते, आणि मग हरितद्रव्याने धरलेली अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवी रीतीने बाहेर टाकली जाते. पाणी पेशीला पुन्हा खाली घेऊन गेले, की तेच द्रव्य पूर्वरूपावर येते. दारावर पडदा सोडावा आणि गुंडाळावा, इतक्या सहजतेने हे दिवसभर चालू असते. एवढे करूनही जी मोडतोड होते, तिची दुरुस्ती निराळी: प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रातील डी-१ नावाचे प्रथिन उन्हात सारखे झिजते, आणि पेशी ते तासाभरात काढून त्या जागी नवे बसवते.

दुसरी तजवीज तासा-दिवसांच्या मापाची. पेशी मंद प्रकाशात बराच काळ राहिली, तर ती आपल्या अंगातील हरितद्रव्याचा साठा वाढवते. सतत उन्हात राहिली, तर तो कमी करते आणि त्यातून वाचलेले नत्र दुसऱ्या कामास लावते. जव्हारच्या रानात दाट सावलीतल्या झाडाचे पान उन्हातल्या पानापेक्षा रुंद, पातळ आणि गडद हिरवे दिसते, तोच हा न्याय. आणि येथे हरितद्रव्य एकटे नसते. पाण्यात शिरताना तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. उरतो तो निळा-हिरवा, आणि हरितद्रव्याला त्यातील हिरवा भाग फारसा धरता येत नाही. करंडकाने त्यासाठी फ्युकोझँथिन हे सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य बाळगले आहे, जे नेमका हा निळा-हिरवा प्रकाश वेचते. ओढ्यातल्या दगडावरचा थर हिरवा न दिसता तपकिरी का दिसतो, याचे कारणही हेच.

तिसरी तजवीज पिढ्यांच्या आणि युगांच्या मापाची आहे, आणि तिचे सर्वांत आश्चर्यकारक उदाहरण करंडकांत नसून त्याहून कितीतरी लहान अशा एका जिवाणूत सापडते. अमेरिकेतील सॅली चिझोम, रॉबर्ट ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तो प्रोक्लोरोकॉकस हा मिलिमीटरच्या सुमारे सहा दशहजारांश भागाएवढा जीव आज जगातील सर्वांत विपुल प्रकाशसंश्लेषी जीव मानला जातो, आणि अरबी समुद्राच्या मध्यभागीही तो आढळतो. वरच्या थरात राहणाऱ्या आणि खोल अंधुक थरात राहणाऱ्या अशा त्याच्या वेगळ्या जातीच बनल्या आहेत. जी तडजोड करंडकाची एक पेशी दिवसभरात करते, ती येथे वंशांनी आपापसात वाटून घेतली आहे.

प्रकाशाप्रमाणे हरितद्रव्य कमी-अधिक करण्याच्या या रंगपालटामुळे माणसाच्या हिशेबातही एक गुंता निर्माण झाला आहे. २६ मे १९९९ रोजी भारताने ओशनसॅट हा उपग्रह सोडला, आणि तेव्हापासून आपल्या समुद्राचा रंग आपण आपल्याच डोळ्याने आकाशातून पाहू लागलो. हरितद्रव्य कोठे अधिक आणि पाण्याचे तापमान कोठे बदलते, हे पाहून हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याच्या सूचना कोळीबांधवांस दिल्या जातात. ही सेवा मोलाची आहे. परंतु उपग्रह मोजतो ते हरितद्रव्य, वनस्पती नव्हे; आणि आपण आताच पाहिले, की ढगाळ दिवसांत किंवा खोल घुसळणीत तीच पेशी अधिक हिरवी होते. म्हणून समुद्र गडद दिसला एवढ्यावरून पीक वाढले असे म्हणता येत नाही. सावलीतले पान पाहून रान वाढले असे म्हणावे, तसे ते होईल.

किनाऱ्यापासून दूर, गाळ जेथे खाली बसलेला असतो तेथे, प्रश्न उलटा होतो: प्रकाश मुबलक, अन्न दुर्मीळ. अरबी समुद्राच्या उत्तर भागाचे वर्ष मला मोखाड्याच्या वर्षासारखे वाटते, आणि हे साम्य केवळ कल्पनेचे नाही. मोखाड्यात आषाढ-श्रावणात पाणी कातळावरून धावत असते आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचा तळ दिसतो. समुद्रात पावसाळी वाऱ्यांच्या घुसळणीने खालची पोषकद्रव्ये वर येतात, आणि हिवाळ्यात दुसऱ्यांदा: ईशान्येकडून येणारे कोरडे, थंड वारे पृष्ठभागाचे पाणी निववतात, बाष्पीभवनाने ते अधिक खारट व जड होते, खाली बुडते, आणि त्याच्या जागी नत्रयुक्त पाणी वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ही यंत्रणा उलगडून दाखविली. १ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ स्थापन झालेल्या दोनापावलाच्या या संस्थेच्या कार्यात हे एक अतिशय सुंदर काम आहे असे मी मानतो, कारण उष्ण कटिबंधातील समुद्रात थंडीने सुगी येते ही गोष्ट कोणास सहज सुचणारी नव्हती.

मग फाल्गुन येतो. वारा पडतो, वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या जड पाण्यावर झाकणासारखे बसते. वर लख्ख ऊन, खाली नत्राने भरलेले कोठार, आणि मध्ये दोहोंना अलग करणारी एक अदृश्य सीमा. अशा वेळी करंडकांचे कित्येक प्रकार जाड कवचाच्या सुप्त बीजाणूंचे रूप घेऊन तळाशी जाऊन पडतात. डेन्मार्कच्या मारियागेर फ्योर्डच्या गाळात सुमारे शंभर वर्षे पडून असलेले स्केलेटोनेमा या करंडकाचे बीजाणू प्रकाश आणि पोषण मिळताच प्रयोगशाळेत पुन्हा वाढू लागले. जे वर राहतात त्यांतील पुष्कळ अगदी लहान असतात, कारण लहान पेशीला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक मिळतो, आणि विरळ पाण्यातून कण वेचण्यास तो उपयोगी पडतो.

पण काही जीव ही पोषकद्रव्ये खाली जाऊन आणतात. द्विकशाभिक नावाची, दोन चाबकासारखे तंतू असलेली प्लवके दिवसा वर उन्हात राहतात आणि रात्री पोहत खालच्या थरात जाऊन नत्र भरून घेतात. ट्रायकोडेस्मियम हा नील-हरित जिवाणू तर तंतूंच्या जुड्या बांधून तरंगतो. त्याच्या अंगात वायूच्या पोकळ्या असतात, दिवसभर साखर तयार करून तो जड होतो आणि खाली उतरतो, ती साखर खर्च झाली की हलका होऊन वर येतो. या फेऱ्यांत तो खालचे स्फुरद आणीत असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मोखाड्यात चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन दरीत उतरणाऱ्या, झिऱ्यात वाटीवाटीने पाणी साचण्याची वाट पाहून पुन्हा तोच चढ चढणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या फेऱ्यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच, की जिवाणूला तो भार वर चढताना टाकता येतो. बाईला टाकता येत नाही, आणि दरवर्षी टँकरची वाट पाहण्याहून पलीकडची व्यवस्था तिच्यासाठी व्हावयास हवी.

ट्रायकोडेस्मियमला नत्र शोधावयास खाली जावे लागत नाही. हवेतील नत्र बांधण्याची विद्या त्याजवळ आहे, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत असते तशी. म्हणून फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्र इतरांसाठी उपाशी असताना, त्याचे तपकिरी-तांबूस पट्टे मैलोन्‌मैल पसरतात. कॅप्टन कुकच्या जहाजावरील खलाशांनी १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ हेच पाहून त्याला समुद्री भुसा म्हटले होते. गोव्याच्या किनाऱ्यावरील या घटनेचा सविस्तर अभ्यास देवस्सी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पट्टा विरू लागला की त्यातून सुटलेल्या नत्रावर इतर प्लवके पोसतात.

टंचाईच्या काळात पेशीच्या आतला जमाखर्चही बदलतो. अल्फ्रेड रेडफिल्ड याने १९३४ मध्ये मांडलेल्या आणि पुढे पक्क्या झालेल्या सूत्राप्रमाणे समुद्रातील प्लवकांत सरासरीने कर्बाचे १०६ अणू, नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १ असे प्रमाण असते. करंडकांत त्यावर नत्राइतकीच सिलिका. स्फुरद कमी पडले, तर पेशी आपल्या पटलातील स्फुरदयुक्त स्निग्ध द्रव्य काढून त्या जागी गंधकयुक्त स्निग्ध द्रव्य बसवते आणि वाचलेले स्फुरद जनुकद्रव्याकडे वळवते. लोह कमी पडले, तर फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाच्या जागी लोहाविना चालणारे फ्लॅव्होडॉक्सिन योजते. सिलिकाला मात्र असा बदली पदार्थ नाही. करंडा काचेचाच हवा.

हे किती खरे आहे, याची प्रचीती २००९ च्या आरंभी दक्षिण महासागरात आली. 'लोहाफेक्स' या नावाच्या, म्हणजे नावातच आपले लोह घेऊन गेलेल्या, भारत-जर्मनीच्या संयुक्त प्रयोगात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी पोलारस्टर्न या जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे द्रावण सोडले. त्या पाण्यात नत्र होते, स्फुरद होते, उणीव लोहाची होती. ती भरून काढली की करंडक फोफावतील, मरून तळाशी जातील आणि हवेतला कर्ब बरोबर नेतील, अशी अपेक्षा होती. पण त्या भागातील सिलिका आधीच्या बहरांनी वापरून संपविली होती. वाढले ते करंडकांखेरीज इतर मऊ प्लवक, त्यांना लहान कवचधारी प्राण्यांनी खाल्ले, त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी, आणि कर्ब खोल गेला तो फारच थोडा. माझ्या मते या प्रयोगाला अपयशी म्हणणे चुकीचे आहे. ज्या उपायाकडे जग हवामानाचा स्वस्त इलाज म्हणून पाहत होते, त्याची हद्द त्याने नेमकी दाखवून दिली.

आता घराजवळच्या समुद्रातही वारस बदलत आहेत. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जेथे करंडकांचा बहर येत असे, तेथे या शतकाच्या आरंभापासून हिरव्या नॉक्टिलुका या जीवाचे विस्तीर्ण बहर दिसू लागले. हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा संबंध वर पसरत चाललेल्या अल्पप्राणवायूच्या पाण्याशी जोडला; सर्वांस हे कारण मान्य नाही, पण बदल झाला ही गोष्ट निर्विवाद आहे. हा जीव आपल्या पोटात हजारो हिरव्या पेशी जिवंत बाळगतो, उन्हात त्यांच्या कमाईवर जगतो, आणि अंधारात करंडकांना गिळून जगतो. दोन्ही दारांनी त्याला येणे आहे. त्याला खाणारे मुख्यतः सॅल्प आणि जेलीफिश, ज्यांतून बोंबील, पापलेट यांच्याकडे जाणारी वाट फारशी नाही. महाराष्ट्र शासनाने पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा ठरविले. त्या माशाचा पाया असलेल्या या काचेच्या डब्यांची विचारपूसही त्याच आस्थेने व्हावी, असे मला मनापासून वाटते.

आणि डोंगरातली एक गोष्ट राहिली. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर झाले, १९७३ मध्ये वरचे वैतरणा, आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे शंभर मीटरांहून उंच असे मध्य वैतरणा. मुंबईची तहान त्यावर भागते, आणि त्या तहानेला मी दोष देणार नाही. पण साठवलेले पाणी हे थांबलेले पाणी असते. त्यात गाळ बसतो, वरचा थर निवळतो, प्रकाश शिरतो, आणि गोड्या पाण्यातील करंडक तेथेच सिलिका खाऊन तिच्यासकट तळाशी जातात. डॅन्यूब नदीवरील 'लोहद्वार' धरणामुळे काळ्या समुद्रात सिलिका घटली आणि करंडकांची जागा इतर प्लवकांनी घेतली, असा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी मोजणी करून त्या एका धरणाचा वाटा फार लहान असल्याचे दाखविले, आणि दोष सबंध खोऱ्यातील धरणांकडे व खतांकडे वळला. वादाचा निकाल काहीही लागो. तेथे दोन्ही पक्षांनी नदीतील सिलिका मोजून वाद केला. आपल्याकडे धरणाची चर्चा दशलक्ष लिटरांत आणि बुडित हेक्टरांत होते, आणि ती व्हावयासच हवी. त्याच दप्तरात डोंगराकडून दर्याला जाणाऱ्या सिलिकाचा एक रकाना असावा.

ज्येष्ठ सरतो तेव्हा सातपाटीच्या आणि अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डोल गुंडाळून ठेवलेले असतात, आणि परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत त्या पाण्यात सहसा कोणी जात नाही. वैतरणेचे तांबडे पाणी खाडीतून बाहेर पडते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर पसरत जाते. मुखाशी ते इतके गढूळ असते की त्यात काही उगवू शकत नाही. पुढे पुढे ओढ मंदावते, जड कण आधी बसतात, मग बारीक. पाण्याचा रंग तांबड्याचा मातट, मातटाचा हिरवट होतो. कोठेतरी, कोणत्याही नकाशावर न आखलेल्या आणि प्रत्येक भरतीबरोबर सरकणाऱ्या एका पट्ट्यात, डोंगराची सिलिका अजून संपलेली नसते आणि ऊन शिरू लागलेले असते. आणि आभाळ घटकाभर उघडले, की तेथे स्केलेटोनेमाच्या काचेच्या माळा एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढू लागतात.